मैनेची चाकं

१

कपाटाचं कुलूप जिथल्या तिथं लटकत होतं आणि आतली मैना गायब होती.

मैना म्हणजे घरातली धूळ ओढणारं यंत्र, व्हॅक्युम क्लीनर. कारखाना तोतारामचा, म्हणून यंत्र मैना. हा चावटपणा विक्री सांभाळणाऱ्या चंदनचा. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये खपून खपून त्यांनी तिचे तीन नग तयार केले होते. एक नग चंदन साक्री-पिंपळनेरच्या दुकानदारांना दाखवत हिंडत होता. दुसरा तोतारामच्या घरी, बायकोनं वापरून बघावा म्हणून ठेवला होता. तिसरा या कपाटात असायचा आणि शुक्रवारपासून तो नव्हता.

"एवढ्यावर भागलं असतं तर तुला धुळ्याहून बोलावलं नसतं," तोताराम म्हणाला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. तुझ्याच गावात प्रदर्शन लागलंय. तिथला आजचा फोटो."

फोटोत एक निळं यंत्र होतं, नाव 'चकाचक'. रंग सोडला तर नाकीडोळी आमची मैनाच.

मी भाईदास. जळालेल्या जिनिंग गिरण्या आणि भिजलेली गोदामं विमा कंपनीसाठी तपासण्यात माझी हयात गेली. स्वतःच काडी लावून नंतर ऊर बडवणारे इतके पाहिलेत की आता शेजारच्या घरातून धूर आला तरी मी आधी शेजाऱ्याचं तोंड बघतो. तोताराम मात्र दोंडाईच्याच्या शाळेतला, एका बाकावरचा. त्यानं फोन केला आणि मी मिळेल ती एसटी पकडली.

"करार सांगतो," तो म्हणाला. "मैनेची चाकं मुख्तारची, फिल्टर कामिनीचा, शेड आणि मशिनरी माझी. मैना तिघांच्या नावावर. तिघांपैकी जो ती बाहेर फोडेल त्याचा हक्क संपला, नावही संपलं. आता तिघांनी मिळून ठरवलंय की भाईदासनाना सांगतील ते खरं मानायचं."

"म्हणजे मला न विचारताच न्यायाधीश केलंत."

"तुझ्या शब्दाला वजन आहे रे. शिवाय चोर कोण ते मला माहीत आहे. फक्त ते तुझ्या तोंडून यायला हवं."

ऑफिसच्या काचेपलीकडे लेथवर एक पांढऱ्या दाढीचा उंच माणूस वाकला होता. तोतारामनं हनुवटीनं तिकडे दाखवलं.

"मुख्तार," तो हळूच म्हणाला. "कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी त्याच्याकडे."

२

त्या रात्री माझा मुक्काम तोतारामच्याच घरी होता. घरात शिरताना इंदिरावहिनींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मझार या भाऊ, पन चपला भाईर काढा."

आमच्या खान्देशात मझार म्हणजे आत. वहिनींच्या घरात मझार जाण्याचे कायदे फार. बैठकीत चपला चालत नाहीत आणि स्वयंपाकघरात तर पाय धुतल्याशिवाय त्यांचा नवराही शिरत नाही, कारण देव तिथंच. नळाच्या तोंडालासुद्धा पांढरं फडकं बांधलेलं, पाणी गाळूनच भांड्यात पडलं पाहिजे. "वहिनी, तुमच्याकडे नळालाही पदर घ्यावा लागतो," असं मी म्हटलं तेव्हा त्या हसल्या आणि भरिताचं पातेलं उचलून बैठकीत घेऊन आल्या. कळण्याची भाकरी आणि भरीत. मी पोटभर जेवलो.

सकाळी मुख्तारसमोर जाऊन बसलो. त्यानं लेथ बंद केला नाही.

"मी चोर आहे, असं मालकांनी सांगितलंच असेल. मग विचारता कशाला, नाना? लिहा आणि मोकळे व्हा."

"लिहायची घाई असती तर कालच लिहिलं असतं. मालक म्हणतात, गेल्या आठवड्यात धुळ्याला गेला होतास?"

"गेलो होतो. सुनेचं माहेर आहे तिथं. नात झाली, नौशीन. नातीला बघायला जाणं गुन्हा असेल तर टाका आत." आता मात्र त्यानं लेथ थांबवला. खालच्या फळीवरून रबराचं एक चाक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हे बघा. मग बोला."

चाक तळहाताएवढं. त्याच्या कडेला रबराचे दाते होते आणि सगळे एकाच अंगाला कललेले.

"आपल्या घरांना उंबरे असतात," मुख्तार म्हणाला. "विकत मिळणारं यंत्र उंबऱ्याशी आलं की बाई कमरेत वाकते आणि ते उचलते. हे दाते उंबऱ्याची कड पकडतात. नळी धरून ओढा, यंत्र आपलं आपण चढतं. पण डावं चाक वेगळं, उजवं वेगळं. चपलांच्या जोडासारखं. आणि अंगठ्यानं दाबलं की चाक सुटतं, कारण आपल्याकडे कापसाचं रुई-तूस आसाला गुंडाळलं जातं, ते काढता आलं पाहिजे."

"डावं कुठलं, उजवं कुठलं, खूण कुठाय?"

"चपलेवर लिहिलेलं असतं का?" तो गुरगुरला. "उंबऱ्याचं माप मी तोतारामशेठच्याच घरचं घेतलं. इंदिराअक्कांच्या स्वयंपाकघराचं. बाहेर बसून घेतलं हां. आत नाही गेलो."

हे शेवटचं वाक्य तो हसत बोलला, पण त्याचे डोळे हसले नाहीत.

"माझा बाप टांग्याची चाकं करायचा," तो म्हणाला. "अख्ख्या गावाचे टांगे त्याच्या चाकांवर पळाले, पण एकाही चाकावर त्याचं नाव नव्हतं. या चाकावर माझं नाव येणार होतं, नाना. माझं दुसरं काहीही गेलं तरी चालेल."

मी उठलो. त्याचं बोलणं मनाला भिडलं होतं, आणि मनाला भिडणारं बोलणारे लबाडही मी पुष्कळ पाहिले होते. दारात कामिनी उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"नाना, सांगावं की नाही कळत नाही," ती म्हणाली. "धुळ्याच्या त्या चकाचकचा मालक रुपचंद. पोळ्याआधी मी त्याला इथं गेटवर पाहिलं होतं. मुख्तारचाचांशी बोलत होता."

३

कामिनी सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली. इंजिनिअर झाली आणि पुण्याला जायचं सोडून केळीच्या खोडाच्या मागे लागली. घड उतरला की ते खोड शेताच्या बांधावर सडत पडतं. तिनं त्याचा धागा काढून, पिंजून त्याची जाड गादी केली. तीच मैनेचा फिल्टर. धुळीचं पीठ अडवते आणि धुऊन पुन्हा वापरता येते.

"रुपचंद आला होता हे तू मालकांना सांगितलंस?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. तोतारामकाका म्हणाले, लक्ष ठेव, कुणाला बोलू नकोस." तिनं लेथकडे पाहिलं. "चाचांनी मला लेथ शिकवला, नाना. ते असं करतील हे मला पटत नाही. पण मग त्यांनी ही भेट लपवली का?"

तेवढ्यात चंदन त्याची मैना घेऊन पिंपळनेरहून परतला. बोलका गडी. धुळ्याच्या चकाचकवाल्यांनी त्याला नोकरी देऊ केली होती, हे त्यानं मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"मग गेला का नाहीस?"

"तिथल्या यंत्राला मैना कोण म्हणणार?" तो म्हणाला. मी त्याचा नग उलटा करून पाहिला. चाकं मुख्तारनं दाखवली तशी, दाते पुढे कललेले. फिल्टर कोरा, केळीच्या धाग्याचा, त्यावर दुसरं काही नाही. तुसाचा एक धागाही आसाला नव्हता. पोरगा यंत्र जपत होता.

दुपारी तोतारामनं मला ऑफिसात गाठलं. "मग? कधी लिहून देतोस?"

"आधी चकाचक बघून येतो."

"त्यात बघायचं काय?" त्याचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "बरं, जा. पण उद्या संध्याकाळी घरी सगळ्यांना बोलावतो. तिथं सांगून टाक. माझ्यानं आता हा ताण सोसवत नाही."

मित्राचा उतरलेला चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. ते आठवलं की आज स्वतःचाच राग येतो.

४

धुळ्याच्या प्रदर्शनात पापड-लोणची आणि मसाजच्या खुर्च्या यांच्या मधोमध रुपचंदचा स्टॉल होता. स्वतः रुपचंद सफारीत, गळ्यात माईक.

"ताई, दुहेरी गाळणी! आतला फिल्टर केळीचा आणि त्याच्यावर सुती टोपी! अशी गाळणी दुसऱ्या कुणाकडे नाही!"

त्यानं झाकण उघडून दाखवलं. केळीच्या गादीवर पांढऱ्या कापडाची टोपी होती, नाडीनं घट्ट बांधलेली. ही टोपी मी मैनेत पाहिली नव्हती.

स्टॉलवरची मुलगी यंत्र ओढत ओढत लाकडी मंचापाशी आली. मंचाची कड चार बोटं उंच. ती क्षणभर थांबली, मग तिनं यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि वर ठेवलं. मी तिला ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिनं पुन्हा उचललं.

मी एक चकाचक विकत घेतलं आणि तसंच बगलेत मारून जळगावला आलो. शेडमध्ये टेबलावर ठेवलं. मुख्तार आणि कामिनी दोघंही समोर होती आणि मी यंत्राकडे न बघता त्यांच्या तोंडांकडे बघत होतो.

कामिनीनं झाकण उघडलं आणि ती ओरडलीच. "हे फडकं कुणी घातलं? हवा कोंडेल, मोटर तापेल. चार महिन्यांत यंत्र जळेल! माझा फिल्टर चोरला तो चोरला, वर त्याचा गळा आवळून ठेवला!"

मुख्तारनं चाकावर बोट फिरवलं. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, मग तो मोठ्यानं हसला. फार दिवसांनी हसला असावा.

"उजवं डावीकडे, डावं उजवीकडे," तो म्हणाला. "दाते मागे कललेत. उंबरा पकडायच्या ऐवजी घसरणार. गाढवांनी उलटी बसवलेली चाकं तशीच नक्कल करून साच्यात ओतली!"

"साचा करायला किती वेळ लागतो?"

"महिना-दीड महिना, घाई केली तरी."

म्हणजे शुक्रवारची चोरी हा नुसता देखावा होता. चकाचकचे साचे कितीतरी आधी तयार होते. मुख्तारनं त्यांना चाक दिलं असतं तर ते असं उलटं दिलं नसतं. आपल्या पोराला कुणी उलटं निजवतं का? आणि कामिनीनं दिलं असतं तर त्यावर फडकं नसतं. या दोघांपैकी कुणीही नाही.

"रुपचंद गेटवर कशाला आला होता?" मी मुख्तारला रोखठोक विचारलं.

"चाकं मागायला. मी हाकलला. तो जाताना म्हणाला, तू नाही दिलीस तरी मला मिळतील." मुख्तार थांबला. "मी हे शेठना सांगितलं, नाना. ते म्हणाले, कुणाला बोलू नकोस. तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मला आठवलं, कामिनीनंही त्यालाच सांगितलं होतं. दोघांनी एकाच माणसाला सांगितलं, आणि त्या माणसानं दोघांनाही गप्प बसायला लावलं.

मी चंदनचा नग पुन्हा आणवला, पुन्हा उलटा केला. चाकं बरोबर, फडकं नाही. आता एकच मैना बघायची राहिली होती, आणि ती ज्या घरात होती तिथंच मी मीठ-भाकर खात होतो.

५

तोताराम शेडमध्ये असताना मी त्याच्या घरी गेलो. चपला काढल्या, पाय धुतले. इंदिरावहिनी मागच्या अंगणात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात पाण्याची बादली आणि बादलीत मैनेची चाकं.

मी तिथंच पायरीवर टेकलो.

"दखतस काय भाऊ?" त्या म्हणाल्या. "हाई यंत्र बठ्ठा घरमा फिरस, न्हानीपाशी बी जास. मंग त्याच पायसवर देवसपाशी कसं जाऊ देऊ? मानूस चपला काढस. मी याना चाकं काढी लेस, धोई लेस, मंग लायी देस."

"रोज?"

"रोज. काढाले सोपं शे."

त्यांनी ओली चाकं पदराला पुसली आणि हाताला येतील तशी आसावर दाबून बसवली. मी वाकून पाहिलं. दाते मागे कलले होते.

"वहिनी, हे उंबरा चढतं का?"

"काय सांगू? कधी चढस, कधी अडस. त्याना मनवर शे. यासले सांगं, तं म्हनतस, उचली ले."

घरोघरी विकायचं यंत्र बनवणाऱ्या माणसानं ते स्वतःच्या घरात एकदाही ओढून पाहिलं नव्हतं. मी झाकण उघडलं. केळीच्या गादीवर पांढरं फडकं, नाडीनं बांधलेलं. नळावर होतं तसंच, गाठसुद्धा तीच.

"आणि हे?"

"मीच बांधं. पानी गाळतस, मंग धूळ काब्र गाळाले नको?" त्या अभिमानानं म्हणाल्या.

मी पुढचा प्रश्न विचारू नये असं मला मनापासून वाटत होतं. तरी विचारला. "वहिनी, ही मैना मधे कधी घराबाहेर गेली होती?"

"पोळाना टायमले. ह्याच, तुमना मित्र, लई गयतात, दुरुस्तीले म्हनीसन. मी म्हनं, बिघडेल नही, कसाले लई जातस? पन लई गयतात. बराच दिन व्हती ती धुळ्याले."

त्या माझ्याकडे बघू लागल्या.

"काब्र भाऊ? काय झायं?"

६

संध्याकाळी सगळे बैठकीत जमले. कामिनी आणि चंदन खुर्च्यांवर. मुख्तार नेहमीसारखा दाराशी, बाकावर. तोताराम माझ्या शेजारी, त्याचा हात माझ्या खांद्यावर. इंदिरावहिनी स्वयंपाकघरात होत्या. दार उघडं होतं.

"बोल भाईदास," तोताराम म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. खरं ते सांग."

मी उठलो. घरातली मैना आणि धुळ्याचं चकाचक दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. एक नळी चंदनच्या हातात दिली, दुसरी कामिनीच्या. "स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ओढा."

दोन्ही उंबऱ्याशी अडली. दोन्हींची चाकं घसरत राहिली.

"धुळेकरांनी जी मैना उघडून साचे काढले, तिची चाकं उलटी होती आणि फिल्टरवर फडकं होतं," मी म्हणालो. "मुख्तार असं चाक बसवणार नाही. कामिनी असं फडकं बांधणार नाही. चंदनचा नग स्वच्छ आहे. कपाटातला नग तर साचे तयार झाल्यावर कितीतरी दिवसांनी गेला. देवांसाठी चाकं धुणारं आणि धूळसुद्धा गाळून घेणारं घर जळगावात एकच आहे. पोळ्याला इथली मैना दुरुस्तीला गेली. ती शेडमध्ये आली नाही, मुख्तार?"

"नाही," मुख्तार म्हणाला.

माझ्या खांद्यावरून निसटलेला हात तोतारामनं मांडीवर ठेवला होता.

"रुपचंद माझा भागीदार आहे," तो शेवटी म्हणाला. "कपाटातला नगही मीच हलवला. काय करू? जो येईल तो म्हणतो, वा, मुख्तारचं चाक. वा, कामिनीचा फिल्टर. माझं काय होतं त्यात? पत्र्याची शेड? धुळ्याला निदान ती माझी म्हणवली असती."

"आणि मुख्तारला चोर ठरवून?"

"कुणाला तरी ठरवावं लागणारच होतं."

कामिनी रडत होती. मला मात्र वेगळाच प्रश्न टोचत होता आणि तो विचारल्याशिवाय मी त्या घरातून उठू शकलो नसतो.

"मला का बोलावलंस, तोता? दुसरा कुणी चालला असता."

"दुसऱ्यानं मला प्रश्न विचारले असते," तो म्हणाला. "तू माझ्यावर कधी संशय घेतला नाहीस."

एका बाकावर बसलो होतो, एका डब्यात जेवलो होतो आम्ही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की आग लावणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो. माझ्यासाठी लावलेली काडी माझ्याच मित्राच्या हातात होती, आणि तिच्या उजेडात मी त्याचा उतरलेला चेहरा पाहून हळहळत होतो.

"करारात लिहिलंय तसंच होईल," मी म्हणालो. "ज्यानं मैना फोडली त्याचा हक्क संपला. चाक मुख्तारचं, फिल्टर कामिनीचा. शेड तुझी, ती तू ठेव."

मुख्तार बाकावरून उठला. त्याला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तो नुसता थकलेला दिसत होता. "शेठ, मला सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर चाकावर तुमचंही नाव घातलं असतं मी." मग तो जायला वळला.

"मुख्तारभाऊ."

इंदिरावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे कोरडे होते.

"मझार या," त्या म्हणाल्या. "याना चाकं माले नीट लायी दखाडा. डावं कोनतं, उजवं कोनतं."

मुख्तार उंबऱ्याशी थबकला. दोन वर्षांपूर्वी याच जागी बसून त्यानं माप घेतलं होतं. त्यानं नळावर पाय धुतले आणि उंबरा ओलांडून आत गेला. आत बसूनच त्यानं हात लांबवला, अडलेल्या मैनेची चाकं काढली, अदलाबदल करून बसवली आणि नळी ओढली. मैना टकटक करत उंबरा चढली आणि आत गेली. वहिनींनी देवांसमोरचा पाट उचलून मुख्तारपुढे मांडला.

तोताराम उठून मैनेच्या मागोमाग दाराशी गेला. पाय धुवायला वळणार, तेवढ्यात वहिनींनी हात आडवा केला.

"तुम्ही तठेच थांबा," त्या म्हणाल्या.